कोड बदलत गेला तो डोळ्यांनी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात छोटी सॉफ्टवेअर करणारी बरीच मंडळी आहेत. कुणी दूध संकलनाचं करतं, कुणी पतसंस्थेचं, कुणी दवाखान्याचं. आमचं काम हळदीच्या अडत दुकानांचं: शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद), खरेदीदाराचं बिल, खतावणी. या कोडचा इतिहास आम्ही गेली काही वर्षं आलेखांतून आणि व्हिडिओतून बघतो, शिकायला येणाऱ्या मुलामुलींनाही दाखवतो. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

कोडमधले बदल "बघायचे" म्हणजे नेमकं काय बघायचं?

सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. तिथला आकडा आजचं पाणी सांगतो. गावभागात काही घरांच्या भिंतींवर मात्र २००५, २०१९, २०२१ अशा पुराच्या रेघा दिसतात. भिंतीसमोर उभं राहिलं की कुठलं पाणी कुठवर चढलं होतं ते एका नजरेत कळतं.

तुमच्या संगणकावरचं कोडचं फोल्डर म्हणजे आजची पातळी. गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, साठलेला इतिहास म्हणजे त्या रेघा: कोणत्या दिवशी, कोणी, कोणत्या फाइलीत, किती ओळी घातल्या आणि किती काढल्या. या हजारो नोंदी एकत्र, एका दृष्टिक्षेपात दिसतील असं चित्र काढणं म्हणजेच बदल बघणं. चित्र स्थिर असेल किंवा हलतं असेल, मूळ माल तोच.

गिट लॉग (नोंदींची यादी) वाचला तर पुरत नाही का?

शंभर-दोनशे कमिट (इतिहासातल्या एकेक नोंदी) असतील तर पुरतो, आणि खरं तर वाचायलाच हवा. लिनक्स कर्नलचा (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा) गिटमधला इतिहास एप्रिल २००५ पासूनचा आहे आणि त्यात १० लाखांहून जास्त कमिट आहेत. तो कोण वाचणार? आमच्यासारख्या छोट्या कामातही दहा वर्षांत काही हजार कमिट सहज होतात. लॉग एकेक घटना सांगतो. चार वर्षं एका फाइलीला कुणी हात लावला नाही किंवा दोन फाइली कायम जोडीनं बदलतात, हे लॉगच्या कुठल्याच ओळीत लिहिलेलं नसतं. ते दिसायला चित्र लागतं.

ही कल्पना कधीची आहे?

बदलांची नोंद ठेवणारं पहिलं मोठं साधन बेल लॅब्समध्ये मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये केलं, त्याचं नाव एससीसीएस. नोंदी साठू लागल्या, पण त्या चित्रात मांडायला वीस वर्षं जावी लागली. १९९२ मध्ये त्याच बेल लॅब्समधल्या स्टीफन आइक आणि सहकाऱ्यांनी 'सीसॉफ्ट' मांडलं. त्यात कोडची प्रत्येक ओळ पडद्यावर एक बारीक रंगीत रेघ व्हायची. नुकतीच बदललेली ओळ लाल, जुनी निळी. त्या काळच्या पडद्यावर सुमारे ५०,००० ओळी एकाच वेळी दिसायच्या. मला आजही ही कल्पना सगळ्यांत सरळ आणि सगळ्यांत उपयोगी वाटते.

२००३ मध्ये फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी आयबीएममध्ये विकिपीडियाच्या लेखांवर असाच प्रयोग केला, त्याचं नाव 'हिस्टरी फ्लो'. कोडच्या इतिहासाचा व्हिडिओ करणारं मायकेल ओगावा यांचं 'कोड स्वॉर्म' २००८ मध्ये आलं आणि लगेच २००९ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू कॉडवेल यांचं 'गोर्स'. आज यूट्यूबवर फांद्या फुटणाऱ्या चमकत्या झाडांचे जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक गोर्सचेच.

गोर्समध्ये काय दिसतं? आम्हाला नुसतेच ठिपके दिसतात.

पहिल्यांदा सगळ्यांना ठिपकेच दिसतात. मधोमध मूळ फोल्डर असतं. त्यातून फुटणाऱ्या फांद्या म्हणजे आतली फोल्डर आणि टोकाचे ठिपके म्हणजे फाइली. ठिपक्याचा रंग फाइलीच्या प्रकारावरून ठरतो. माणसांच्या आकृत्या आजूबाजूला फिरतात आणि ज्या फाइलीला हात लावतात तिच्यावर प्रकाशाची रेघ सोडतात: नवी फाइल असेल तर हिरवी, बदल असेल तर नारिंगी, फाइल काढून टाकली असेल तर लाल.

पहिल्या वेळी ठिपक्यांकडे बघूच नका. माणसांकडे बघा. कोण कुठल्या फांदीपाशी रेंगाळतो, कोण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पळतो, कुठल्या फांदीकडे एकच माणूस जातो. दुसऱ्या वेळी फांद्या बघा.

दहा वर्षांचा व्हिडिओ करायला घेतला तर तो संपेचना. काय चुकलं?

गोर्स मुळात एका दिवसाला १० सेकंद देतं. दहा वर्षं म्हणजे ३,६५० दिवस, म्हणजे ३६,५०० सेकंद, दहा तासांच्या वर. रिकामे दिवस ते आपोआप ओलांडतं, तरीही व्हिडिओ लांबतोच. एका दिवसाला ०.०५ सेकंद असा वेग दिला की तीच दहा वर्षं तीन मिनिटांत बसतात.

व्हिडिओ साठवताना आणखी एक खड्डा आहे. गोर्स प्रत्येक चौकट (फ्रेम) कच्च्या चित्राच्या रूपात बाहेर टाकतं. १२८० बाय ७२० मापाची एक चौकट सुमारे २.७६ एमबी भरते. सेकंदाला ६० चौकटी, तीन मिनिटांच्या १०,८०० चौकटी, म्हणजे जवळजवळ ३० जीबी. हे डिस्कवर उतरवायला गेलात तर साधा लॅपटॉप गुदमरतो. गोर्समधून निघालेला प्रवाह पाइपनं थेट एफएफएमपेग या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या साधनाला द्या, म्हणजे शेवटी हाती त्या मानानं अगदी छोटी फाइल येते. सेकंदाला ३० चौकटी केल्या तर काम आणखी निम्म्यावर.

आमच्या चित्रात सगळा कोड एकाच दिवशी आल्यासारखा दिसतो.

रेपो (कोड आणि त्याचा इतिहास असलेला साठा) उतरवताना वेळ वाचावा म्हणून कुणीतरी उथळ क्लोन (अपुरी प्रत) घेतलाय, फक्त शेवटच्या कमिटपुरता. गिट फेच करताना अनशॅलो हा पर्याय द्या, मागचा सगळा इतिहास येईल.

एकच माणूस दोन-तीन नावांनी फिरताना दिसतो.

ऑफिसच्या मशीनवर पूर्ण नाव, घरच्या लॅपटॉपवर टोपणनाव, सुरुवातीच्या काळात नुसती आद्याक्षरं. गिटला ही तीन वेगळी माणसं वाटतात. रेपोच्या मुळाशी मेलमॅप नावाची साधी मजकुराची फाइल ठेवा आणि कुठलं नाव नि ईमेल कुणाचं ते ओळीनं लिहा. इतिहासाला धक्का लागत नाही, फक्त दाखवताना नावं एक होतात. गोर्सही ही फाइल मानतं.

आकडे काढायच्या आधी हे काम झालंच पाहिजे. नाहीतर "या फाइलीवर पाच जणांनी काम केलंय" असं चित्र सांगतं आणि प्रत्यक्षात ती एकाच माणसाच्या डोक्यात असते.

फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर चित्रात ती मेली आणि नवी जन्मली. असं का?

कारण गिट "हलवली" अशी नोंद करतच नाही. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची अवस्था. एक नाव गेलं आणि दुसरं आलं, आणि दोन्हींचा मजकूर निम्म्याहून जास्त सारखा असला, की ही तीच फाइल असावी असा अंदाज गिट दाखवायच्या वेळी बांधतं. गोर्स हा अंदाज मागतच नाही, म्हणून तिथं लाल आणि हिरवी रेघ एकदम दिसते. एका फाइलीचा जुना माग काढायचा असेल तर गिट लॉगला फॉलो हा पर्याय द्या.

आमचा एक नियम आहे: फाइल हलवायचा कमिट वेगळा, आतला मजकूर बदलायचा कमिट वेगळा. दोन्ही एकत्र केलं की मजकुराचं साम्य घटतं, गिटचा अंदाज चुकतो आणि त्या फाइलीचा इतिहास तिथंच तुटतो. बघायला बारीक गोष्ट आहे, पण पाच वर्षांनी तिची किंमत कळते.

देवनागरी नावाच्या फाइली गिटमध्ये आकड्यांच्या जंजाळासारख्या दिसतात.

गिटच्या सेटिंगमध्ये कोअर कोटपाथ मुळात चालू असतं, त्यामुळे इंग्रजीबाहेरची अक्षरं आकड्यांच्या रूपात छापली जातात. ते बंद करा, नावं नीट दिसतील. फाइलींना काहीही झालेलं नसतं.

त्याहून मोठा घोळ जुन्या फाँटचा असतो. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या समान अक्षर-संकेताच्या) आधीच्या फाँटांच्या सांकेतिक अक्षरांत भरलेला आहे. तो एके दिवशी युनिकोडमध्ये आणला की मराठी असलेली प्रत्येक ओळ बदलते. चित्रात त्या दिवशी अख्खं झाड पेटतं आणि पुढं गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) केलं की सगळ्या ओळींवर एकाच माणसाचं नाव येतं: ज्यानं फाँट बदलला त्याचं. विंडोज आणि लिनक्समध्ये ओळ संपवायची खूण वेगळी असते, तिच्यामुळेही हेच होतं. कुणी सगळा कोड एका झटक्यात नीट मांडून घेतला, तरीही हेच.

यावर उपाय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून अशा कमिटांची यादी एका फाइलीत लिहून ब्लेमला "यांच्याकडे दुर्लक्ष कर" म्हणून सांगता येतं. मग ब्लेम त्यांच्या मागं जाऊन खरा बदल करणारा दाखवतं. गोर्ससाठी तो दिवस नोंदींतून गाळावा लागतो.

आमच्याकडे गिटच नव्हतं. पेन ड्राइव्हवर झिप फाइली आहेत: "फायनल", "फायनल २", "नक्की फायनल".

टाकून देऊ नका. आमचीही पहिली दोन वर्षं अशाच झिपांत होती. आतल्या फाइलींच्या तारखा बघून झिप क्रमानं लावा. रिकाम्या रेपोत एकेक झिप उलगडा आणि तिच्या तारखेचा एक कमिट करा. आधीच्या झिपमधली जी फाइल पुढच्या झिपमध्ये नाही ती काढून टाकायला विसरू नका, नाहीतर झाड वाढतच जातं.

तारीख देताना एक काळजी घ्या. गिटमध्ये कमिटला दोन तारखा असतात: बदल लिहिला ती, आणि कमिट नोंदला गेला ती. बरेच जण पहिलीच बदलतात. गोर्स मुळात दुसरी वाचतं, त्यामुळे दोन वर्षांचं काम आजच्या दुपारी झाल्यासारखं दिसतं. दोन्ही बदला. रीबेस केल्यावर (जुने कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्यावर) जुना बदल नव्या तारखेला उडी मारतो, त्यामागंही हीच दुसरी तारीख असते.

व्हिडिओ सुंदर आहे, पण त्यातून कामाचं काय मिळतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यांत महत्त्वाचाही.

आमच्याकडे पट्टीचा हिशोब एका फोल्डरमध्ये होता आणि पट्टीची छपाई दुसऱ्या. गोर्समध्ये या दोन फांद्या झाडाच्या दोन बाजूंना होत्या. मी नव्या मुलांना व्हिडिओ दाखवत होतो. अजून लूप आणि फंक्शनच शिकत असलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, "दादा, हे हिशोबाला हात लावला की दर वेळी पलीकडं का पळत्यात?" मी तो व्हिडिओ त्याआधी कितीतरी वेळा पाहिला होता. मला ते दिसलं नव्हतं.

नोंदी काढून पाहिल्या. हिशोबाची फाइल बदललेल्या जवळजवळ प्रत्येक कमिटमध्ये छपाईची फाइलही बदललेली होती. मग दोन्हींचा कोड शेजारी ठेवला. एका शेतकऱ्याचा माल तीन प्रतींत (दर्जांत) लागला असं समजा. हमाली अनुक्रमे ६१.६०, ४४.७० आणि ३८.५५ रुपये. हिशोबाची फाइल तिन्हींची बेरीज करून मग पूर्ण रुपया करायची: १४४.८५ चे १४५. छपाईची फाइल तेच पुन्हा स्वतः मोजायची, पण प्रत्येक ओळीला रुपया पूर्ण करून: ६२, ४५, ३९, म्हणजे १४६. पट्टीवर १४६, खतावणीत १४५.

मार्केट यार्डातून फोन यायचे ते याच रुपयाचे. "अवो, पट्टीला एक आन् खात्याला एक, मी शेतकऱ्याला काय सांगू?" दर वेळी आम्ही दोन्ही फाइलींत जाऊन तेवढ्यापुरतं जुळवून द्यायचो. पुढच्या हंगामात हमालीचा दर बदलला की पुन्हा तेच. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर चुकीचा आकडा जात होता आणि त्याचं मूळ आमच्या डोळ्यांसमोर असूनही आम्ही ते पाहिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. शेवटी मोजणी एकाच जागी आणली आणि छपाईनं फक्त छापायचं असं ठरवलं. त्यानंतरच्या महिन्यांचा व्हिडिओ बघा, हिशोबाशी आलेला माणूस तिथंच काम करून निघून जातो.

जोडीनं बदलणाऱ्या फाइली शोधायला व्हिडिओच लागतो असं नाही. प्रत्येक कमिटमधली फाइलींची नावं काढायची आणि कोणत्या जोड्या किती वेळा एकत्र आल्या ते मोजायचं. ॲडम टॉर्नहिल यांचं 'कोड मॅट' हेच करतं. शंभर-शंभर फाइलींना शिवणारे कमिट आधी गाळा, नाहीतर सगळ्याच जोड्या दिसू लागतात. आणि एकाच फोल्डरमधल्या जोड्यांनी चकित होऊ नका, त्या असायच्याच. लांबच्या फोल्डरमधली जोडी सापडली की थांबून बघा.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे वारंवार बदलणाऱ्या फाइली. फाइलींची नावं मोजून उतरत्या क्रमानं लावली की वरच्या आठ-दहा फाइलींतच बरीचशी धावपळ दिसते. त्यातली जी फाइल लांबीलाही मोठी असेल तिथं आधी हात घाला. न बदलणारी मोठी फाइल कितीही कुरूप असली तरी तिला आज सवड नसेल तर राहू द्या, ती कुणाला त्रास देत नाहीये.

आलेखात एकदम उंच शिखर किंवा मोकळी जागा दिसली, तर काय समजायचं?

चित्रावरून काहीच समजायचं नाही. त्या वेळी जो तिथं होता त्याला विचारायचं.

आमच्या आलेखात २०१७ च्या जून-जुलैमध्ये मोठं शिखर आहे. १ जुलैला जीएसटी लागू झाला. बिलाशी नातं असलेली प्रत्येक फाइल त्या काळात बदलली. हे कारण कुणीही ओळखेल.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र सपाट, रिकामी जागा आहे. ती बघून एका मुलानं विचारलं होतं, "तेव्हा काम नव्हतं का?" तेव्हा महापूर होता. आमचं ऑफिस गावभागात तळमजल्यावर होतं आणि मुख्य रेपो असलेलं मशीन तिथंच पाण्याखाली गेलं. गिटमध्ये उथळ नसलेल्या प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो, म्हणून मिरजेत राहणाऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून सगळा उभा करता आला. गेली ती एकच ब्रँच (कामाची वेगळी शाखा), जी पुश करायची, म्हणजे मुख्य रेपोत पाठवायची, राहिली होती. पाणी ओसरल्यावरचे दिवस आम्ही अडत दुकानांत गेलो, चिखलातले संगणक उघडले, डिस्क बाहेर काढून वाळवल्या, ज्यांचा बॅकअप मिळाला त्यांचा हिशोब पुन्हा बसवून दिला. आमच्या सगळ्या वर्षांतलं ते सगळ्यांत कष्टाचं काम. आलेखात त्या दिवसांत एकही कमिट नाही.

तेव्हापासून आम्ही आलेखाला टिपा लावतो. तारखेच्या खाली दोन-चार शब्द: "जीएसटी", "महापूर", "फाँट बदलला". टिपांशिवाय आलेख बाहेरच्या माणसाला दाखवत नाही.

आमचा किती जुना कोड अजून जिवंत आहे, हे कळतं का?

कळतं. 'गिट ऑफ थिसियस' नावाचं एरिक बर्नहार्डसन यांचं साधन आहे. ते ठराविक अंतरानं ब्लेम चालवून कोणत्या वर्षी लिहिलेल्या किती ओळी आज उरल्यात, याचे एकावर एक थर दाखवतं. नदीकाठच्या दरडीत मातीचे थर दिसतात तसं चित्र येतं. मोठ्या रेपोवर ते तासन्‌तास चालतं, रात्री लावून झोपा.

खालचा जाड थर पातळ होत नसेल तर त्याचे दोन अर्थ निघतात: तो कोड इतका नीट लिहिलाय की बदलावा लागला नाही, किंवा त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. कोणता अर्थ खरा ते फाइल उघडल्यावर पाच मिनिटांत कळतं. मायर लेमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या नियमांत पहिला हाच आहे, की वापरात असलेलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहावं लागतं, नाहीतर ते निरुपयोगी होत जातं. तेव्हा थर झिजताना दिसले तर घाबरायचं कारण नाही.

यावरून कुणी किती काम केलं ते मोजता येईल का? आमचे साहेब विचारतायत.

मोजता येईल. मोजू नका.

हमालीचा घोळ मिटवणाऱ्या त्या कमिटमध्ये जितक्या ओळी घातल्या गेल्या त्याच्या कितीतरी पट काढल्या गेल्या. ओळी मोजणाऱ्या तक्त्यात तो माणूस उणे दिसतो. आमच्यातले सर्वांत जुने सहकारी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचे कमिट महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. त्यांचा दिवस इतरांचा कोड वाचण्यात, फोनवर व्यापाऱ्याची अडचण ऐकून घेण्यात आणि मुलांच्या शेजारी बसण्यात जातो. ज्या दिवशी कमिट मोजून पगार ठरेल, त्या दिवशी लोक एका बदलाचे पाच कमिट करतील, चित्र खोटं होईल आणि ते कुणाच्याच कामाचं राहणार नाही. साहेबांना हे असंच सांगा. ऐकतात.

चित्रातून माणसांबद्दल एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: कोणत्या फांदीवर फक्त एकच जण जातो? तो महिनाभर आजारी पडला तर काय? त्याच्या शेजारी दुसरं कुणीतरी बसवायचं आहे, एवढंच त्यातून घ्यायचं.

व्हिडिओ ग्राहकाला दाखवला तर चालेल?

फाइलींची नावं झाकून दाखवा, गोर्समध्ये तशी सोय आहे. कित्येकदा नावांतच दुसऱ्या ग्राहकाचं नाव असतं. आणि रेपोच देणार असाल तर लक्षात ठेवा, पूर्वी चुकून टाकलेला पासवर्ड पुढं काढला तरी इतिहासात तसाच पडून असतो. तो बदलून टाका.

किती दिवसांनी बघावं?

आम्ही हळदीचा हंगाम सरल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा बघतो. रोज बघण्यासारखं त्यात काही घडत नाही.

कमिटचे संदेश मराठीत लिहिले तर चालतात का?

गिटला युनिकोड चालतो, तेव्हा अडचण कसलीच नाही. तुमच्या टीममध्ये मराठी न वाचणारं कुणी असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे सगळे मराठी, म्हणून आम्ही मराठीतच लिहितो, कारण इंग्रजीत लिहायला लावलं की "फिक्स", "अपडेट", "चेंजेस" यापलीकडे कुणी जात नाही. चित्र बोट दाखवून "इथं काहीतरी झालं" एवढंच म्हणतं. काय झालं आणि का, ते त्या ठिपक्यामागच्या संदेशातच असतं. संदेश रिकामा असेल तर माग तिथंच संपतो.

काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडच्या फरकात) दिसतंच, संदेशात कारण लिहा. हमालीच्या बदलाचा आमचा संदेश असा होता:

"हमाली आता फक्त हिशोबात काढतो, छपाई तोच आकडा छापते. आधी दोन्हीकडं वेगवेगळा रुपया पूर्ण व्हायचा, त्यामुळे तीन प्रतींच्या पट्टीत खात्यापेक्षा एक रुपया जास्त येत होता. दर बदलला तर यापुढं छपाईच्या फाइलीला हात लावायची गरज नाही. लागली, तर काहीतरी चुकतंय, आधी विचारा."